खेळाडू दोन खेळांची, प्रशिक्षक कोणत्या खेळाची?

प्रश्न : मी बी. ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. पाचवीपासून खो-खो खेळते. महाविद्यालयात आल्यावर सरांनी माझी उंची पाहून कबड्डीच्या संघातही घेतले. विद्यापीठाकडून खो-खोच्या दोन आणि कबड्डीची एक आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळले आहे. पुढे मला प्रशिक्षकच व्हायचे आहे. ज्या शाळेत शिकले, तिथल्या मुलींना मी सुट्टीत दोन्ही खेळ शिकवते. त्यात एक जाणवले. खो-खोत मी काय करते ते मला सांगता येत नाही, करूनच दाखवावे लागते. कबड्डी मात्र बोलून शिकवता येते. आता मुख्याध्यापकांनी महिना आठ हजार मानधनावर दोन्ही खेळांसाठी ये म्हणून सांगितले आहे. वडील म्हणतात, पोलीस भरती दे. बरोबरचे सीनियर खेळाडू म्हणतात, एक खेळ सोड, नाहीतर एक ना धड भाराभर चिंध्या होतील. मी कोणता खेळ सोडू आणि सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो आणि मग त्यामागची कारणे सांगतो. खेळाडू म्हणून आज कोणताही खेळ सोडू नका. प्रशिक्षणाच्या पदविकेसाठी मात्र एकच खेळ निवडावा लागेल, आणि तो तुम्ही कबड्डी निवडावा असे माझे स्पष्ट मत आहे. खो-खोमध्ये तुमची कामगिरी सरस आहे हे पत्रावरून दिसते, त्यामुळे हे मत तुम्हाला उलटे वाटेल. तुमचे सीनियर खेळाडूही बहुधा ‘ज्यात जास्त खेळलीस तो धर’ असेच सांगतील. पण खेळणे आणि शिकवणे यांची मोजमापे वेगळी असतात, आणि कबड्डीच्या बाजूचा पुरावा तुम्ही स्वतःच पत्रात दिला आहे. एक खेळ तुम्हाला करूनच दाखवावा लागतो आणि दुसरा सांगता येतो, हे निरीक्षण वीस-एकविशीतल्या फार थोड्या खेळाडूंना करता येते.

असे का होते ते समजून घेतले पाहिजे. खो-खो तुमच्या अंगात वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षी शिरला. त्या वयात मूल खेळ ऐकून शिकत नाही, पाहून आणि पडून शिकते. साखळीवर, म्हणजे बसलेल्या मुलींमधून नागमोडी, पळताना पाठीमागची आक्रमक कोणत्या क्षणी खो देणार हे तुम्हाला तिच्या खांद्यावरून कळते, आणि ते कळल्याचे कळण्याआधी तुमचे पाऊल वळलेले असते. आता सहावीतली एखादी मुलगी ‘ताई, कधी वळायचे ते कसे ओळखायचे?’ असे विचारते, तेव्हा तुम्ही पुन्हा पळून दाखवता, कारण ते ज्ञान पायांत आहे, शब्दांत कधी आलेलेच नाही. कबड्डीचे तसे नाही. ती तुम्ही अठराव्या वर्षी, तयार शरीराने आणि जाणत्या बुद्धीने शिकलात. डाव्या कोपऱ्यावर उभे केल्यावर चवडा धरायला तुम्ही आधी घाई केली असेल, हाताला नुसती धूळ लागली असेल, आणि मग कोणीतरी सांगितले असेल की चढाई करणारी जो पाय हलका ठेवते त्याच्यामागे जाऊ नकोस, तिचा भार ज्या पायावर येतो तो पाय तिला त्या क्षणी उचलता येत नाही, तोच धर. ही चूक आणि ही दुरुस्ती दोन्ही तुमच्या लक्षात आहेत. प्रशिक्षकाजवळ असायला हवी ती मुख्य शिदोरी हीच, कारण शिकणाऱ्याच्या चुका ज्याला आतून आठवतात त्यालाच त्या बाहेरून लवकर दिसतात.

याचा अर्थ खो-खो शिकवण्यास तुम्ही असमर्थ आहात असा मुळीच नाही. अंगातला खेळ शब्दांत आणण्याचे काम कष्टाचे असते, पण ते करता येते, आणि ते तुम्ही यंदाच सुरू करावे. स्वतःच्या खेळाचे मोबाइलवर चित्रण करून घ्या, ते संथ गतीने पाहा, आणि एकाच हालचालीबद्दल एका वहीत अशी चार-पाच वाक्ये लिहा की खो-खो कधी न पाहिलेल्या मुलीलाही ती वाचून प्रयत्न करता येईल. खांबाजवळ वळताना शरीर किती झुकते, हात खांबाला कुठे लागतो, नजर कुठे असते, शेवटचे पाऊल लहान पडते की मोठे, असे प्रश्न स्वतःला विचारत गेलात की उत्तरे सापडू लागतील. मग ती वाक्ये शाळेतल्या मुलींना सांगून पाहा. ज्या वाक्याने मुलीच्या हालचालीत फरक पडला नाही ते वाक्य खोडा, दुसरे लिहा. ही वही पुढे तुम्हाला कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

दोन खेळ खेळल्याचा प्रशिक्षक म्हणून लाभ कोणता, हा प्रश्न तुम्ही थेट विचारलेला नाही. पण ‘भाराभर चिंध्या’ हा शेरा मनाला लागला आहे, तेव्हा त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. खो-खो आणि कबड्डी वरवर पाहता सख्ख्या बहिणी वाटतात. दोन्ही मातीतले, दोन्हींत हूल आणि चपळाई, दोन्हींत गडी बाद होतो. तरीही स्पर्शाशी असलेले त्यांचे नाते अगदी विरुद्ध आहे. खो-खोत संरक्षण करणारीचा सगळा खेळ स्पर्श चुकवण्याचा असतो. आठ-दहा वर्षे तिचे शरीर ‘हात आला की लांब हो’ एवढे एकच शिकत असते. कबड्डीत पकड करणारीला नेमके त्याच क्षणी अंगावर जावे लागते. म्हणून खो-खोतून कबड्डीत आलेल्या मुली चढाईला पहिल्या महिन्यात चमकतात आणि पकडीला मात्र मागे राहतात. त्यांची हूल, दिशा बदलणे, वाकून निसटणे तयार असते, पण बचावात उभे राहिल्यावर ऐन वेळी त्यांचे पाऊल अर्धा वीत मागे जाते, आणि तेवढ्यात चढाई करणारी मध्यरेषा गाठते. केवळ कबड्डी खेळलेला प्रशिक्षक अशा मुलीला भित्री ठरवून मोकळा होतो. तुम्ही तसे करणार नाही, कारण ते मागे जाणारे पाऊल तुमचेही होते, आणि त्याचा भीतीशी संबंध नसून वर्षानुवर्षांच्या सवयीशी आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. अशा मुलीला आधी गुडघ्यांवर बसवून, समोरची मुलगी चालत येत असताना पकड घ्यायला लावावी, मग उभे राहून, मग पूर्ण वेगात, अशा पायऱ्या तुम्ही स्वतःच्या अनुभवावरून आखू शकाल.

उलट दिशेनेही तुमच्या हाती बरेच आहे. खो-खोत बसलेल्या आठ जणींची तोंडे आलटून पालटून विरुद्ध दिशांना असतात, आक्रमक मुलीने एकदा खांदा वळवून दिशा घेतली की तिला मध्येच मागे फिरता येत नाही, आणि खो मिळण्याआधी उठलेली मुलगी संघाला नियमभंगाचा दंड भरायला लावते. त्यामुळे या खेळात संयम आणि एकमेकींच्या हालचालीचा अंदाज लहानपणीच मुरतो. कबड्डीत साखळी करून पकड करताना दोघींनी एकाच वेळी पाऊल टाकणे हे तरबेज संघांनाही अवघड जाते. ज्या मुली खो-खो खेळून आलेल्या असतात त्यांना हा मेळ लवकर साधतो, फक्त तो त्यांच्याजवळ आहे हे कोणीतरी दाखवून द्यावे लागते. दोन्ही खेळ विद्यापीठ पातळीवर खेळलेली व्यक्ती हे जितके स्पष्ट पाहू शकते तितके दुसरे कोणी क्वचितच पाहील.

आता एकच खेळ निवडण्याचा आग्रह का, ते सांगतो. दोन खेळ उत्तम खेळलेली माणसे आपल्याकडेही झाली आहेत आणि परदेशातही, पण शिकवण्याच्या मार्गाला लागल्यावर त्यांनी एक खेळ पक्का धरलेला दिसतो. चुनी गोस्वामी यांचे उदाहरण घ्या. १९६२ साली जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय फुटबॉल संघाचे ते कर्णधार होते. पुढे क्रिकेटमध्ये त्यांनी १९७१-७२ च्या हंगामात बंगालचे नेतृत्व करून संघाला रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले. तो सामना मुंबईने जिंकला. त्याआधी १९६६ मध्ये इंदूर येथे सोबर्सच्या वेस्ट इंडीज संघाला हरवणाऱ्या मध्य आणि पूर्व विभागाच्या संयुक्त संघातही त्यांच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. इतके क्रिकेट गाठीशी असूनही नव्या मुलांना घडवण्याची वेळ आली तेव्हा जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीचे पहिले संचालक म्हणून त्यांनी फुटबॉलचेच काम केले.

अमेरिकेत महाविद्यालयातून दोन-दोन, तीन-तीन खेळ खेळण्याची परंपरा जुनी आहे. मिनेसोटा विद्यापीठाकडून बड ग्रँट अमेरिकी पद्धतीचा फुटबॉल, बास्केटबॉल आणि बेसबॉल असे तीन खेळ खेळले. १९५० मध्ये व्यावसायिक बास्केटबॉलचे विजेतेपद मिळवणाऱ्या मिनियापोलिस लेकर्स संघात ते होते, आणि नंतर ते अमेरिकी पद्धतीच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेले. १९५७ मध्ये, वयाच्या तिशीच्या आत, ते कॅनडातील विनिपेगच्या फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्या संघाला त्यांनी चार वेळा ग्रे चषक, म्हणजे कॅनडातील व्यावसायिक फुटबॉलचे विजेतेपद, मिळवून दिले. पुढे अमेरिकेतील मिनेसोटा व्हायकिंग्स या संघाला त्यांनी चार वेळा सुपर बोलपर्यंत, म्हणजे तिथल्या व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम सामन्यापर्यंत, नेले. कडाक्याच्या थंडीतही मैदानाच्या कडेला शेगड्या ठेवू न देणारा शिस्तीचा प्रशिक्षक अशी त्यांची ख्याती होती. ते खेळाडू तीन खेळांचे आणि प्रशिक्षक एका खेळाचे होते. एका खेळाचे नियम, डावपेच, दुखापती, पंचांची पद्धत आणि स्पर्धांचे वेळापत्रक यांचा पाठपुरावा करण्यातच प्रशिक्षकाचे वर्ष संपते. दोन्ही खेळांत तेवढे खोल जायला माणसाला वेळ पुरत नाही, एवढेच त्याचे कारण आहे. यात क्षमतेचा प्रश्न नाही.

कबड्डीच्या बाजूने आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. या खेळात शिकवण्याच्या कौशल्याला देशाबाहेरही मागणी आहे आणि ती महिला प्रशिक्षकांनाही मिळालेली आहे. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत, तीही जकार्तालाच, महिला कबड्डीच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला २७-२४ असे हरवले, तेव्हा इराणच्या प्रशिक्षक नाशिकच्या शैलजा जैन होत्या. आपल्या संघाच्या पराभवाचे दुःख त्या दिवशी सगळ्यांनाच झाले. पण मराठी मातीतील एका बाईने परभाषिक मुलींना आपला खेळ शिकवून सुवर्णपदकापर्यंत नेले, ही घटना प्रशिक्षक होऊ पाहणाऱ्या प्रत्येक मुलीने अभ्यासावी अशी आहे. स्वतः करून दाखवण्याचे वय मागे पडल्यावर प्रशिक्षकाजवळ नजर आणि शब्द एवढेच उरतात. तुमचे शब्द आज कबड्डीत चालतात, हे विसरू नका.

खो-खोला मी कमी लेखतो असा समज करून घेऊ नका. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या महिला आणि पुरुष या दोन्ही संघांनी जिंकला, आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे होते. या खेळाचे दिवस पालटत आहेत याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच तुमची वही भरत राहिली पाहिजे. पदविका कबड्डीची घेतलीत तरी शाळेतल्या दहा-बारा वर्षांच्या मुलींना आधी खो-खोच शिकवा. त्या वयाला तो अधिक मानवतो, आणि पुढे ज्या मुलींना कबड्डीकडे जायचे असेल त्यांचे पाय तयार झालेले असतील.

आता पात्रतेच्या कागदांकडे वळू. पदवी पूर्ण झाल्यावर आधी बी. पी. एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, करावी असे मी सुचवतो. हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, त्याची प्रवेश परीक्षा राज्याचा सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) कक्ष घेतो, आणि तीत लेखी परीक्षेबरोबर मैदानी चाचणीही असते. अमरावतीचे १९१४ साली स्थापन झालेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आणि पुण्याच्या महाराष्ट्रीय मंडळाचे चंद्रशेखर आगाशे महाविद्यालय ही या शिक्षणाची नावाजलेली ठिकाणे आहेत. तुमच्या भागातही महाविद्यालये आहेत, पण प्रवेश घेण्यापूर्वी मान्यता, वसतिगृह आणि मैदान या तीन गोष्टी स्वतः जाऊन पाहा. बी. पी. एड. आधी करण्याचे कारण दुहेरी आहे. माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिक्षक होण्यासाठी ती पदवी लागते, हे एक. दुसरे असे की विद्यार्थिनी म्हणून तुम्हाला वयोमर्यादेत असेपर्यंत विद्यापीठाकडून खेळत राहता येईल, अश्वमेध (राज्यातील विद्यापीठांचा क्रीडा महोत्सव) आणि आंतरविद्यापीठ स्पर्धांची दारे बंद होणार नाहीत, आणि कबड्डीतली कामगिरी उंचावायला दोन हंगाम मिळतील.

त्यानंतर पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षणातील एक वर्षाची पदविका घ्यावी. आपल्याकडे जिला नुसते ‘एनआयएस’ म्हणतात ती हीच. १९६१ साली स्थापन झालेल्या या संस्थेची पदविका भारतीय खेल प्राधिकरणाच्या आणि इतर अनेक शासकीय जाहिरातींत प्रशिक्षकपदासाठी मागितली जाते. तिच्या प्रवेशासाठी तुम्ही कोणत्या पातळीवर खेळला आहात हे पाहिले जाते, म्हणून कबड्डीतली एक आंतरविद्यापीठ स्पर्धा दोन-तीनपर्यंत न्यावी. एवढ्यात लांब जाणे जमणार नसेल तर याच संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आधी करता येतो. तो पदविकेची जागा घेत नाही, पण शिकवण्याच्या शास्त्राची ओळख करून देतो. सोबत जिल्हा कबड्डी संघटनेची पंच परीक्षा द्या. पंचगिरीने मैदान दुसऱ्या बाजूने दिसते. शिट्टी हातात घेतल्यावर कोणती चढाई निर्णयाला अवघड जाते आणि खेळाडू कुठे विनाकारण गुण गमावतात, हे जितके कळते तितके खेळताना कळत नाही.

पुढे महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक होण्याची इच्छा असेल तर एम. पी. एड.ला (शारीरिक शिक्षणाच्या पदव्युत्तर पदवीला) किमान ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट ही अध्यापनाची पात्रता परीक्षा लागते, शिवाय खेळाडू म्हणून केलेल्या प्रतिनिधित्वाची नोंद आणि शारीरिक क्षमता चाचणीही असते. आज त्याचा फार विचार करू नका, फक्त पदवीचे गुण घसरू देऊ नका. खेळाडू मुलींची परीक्षा स्पर्धांच्या गर्दीत बुडते आणि मग पाच-सहा टक्क्यांसाठी पुढची सारी वाट अडते, हे मी फार वेळा पाहिले आहे.

मुख्याध्यापकांच्या प्रस्तावाबद्दल. तो नाकारू नका, पण आहे तसा स्वीकारूही नका. ‘दोन्ही खेळांसाठी ये’ या शब्दांचा प्रत्यक्षातला अर्थ बहुतेक शाळांत असा होतो की सकाळची कवायत, मैदानावर फक्की टाकून आखणी, स्नेहसंमेलनातली लेझीम, स्पर्धांचे अर्ज भरणे आणि मुलींना तालुक्याला घेऊन जाणे ही सगळी कामे हळूहळू त्याच आठ हजारांत येतात. तुम्ही त्यांना आदराने भेटा आणि सांगा की आठवड्यातले ठरावीक दिवस, शाळा सुटल्यावर दोन तास, चौदा वर्षांखालील मुलींचा खो-खो आणि मोठ्या मुलींची कबड्डी एवढे मी पाहीन, आणि बी. पी. एड.ला प्रवेश मिळाल्यावर सुट्टीच्या दिवसांत येईन. हे सगळे लेखी घ्या. कामाचे स्वरूप, कालावधी आणि मानधन लिहिलेला शाळेच्या शिक्क्याचा कागद नसेल तर वर्षभराचा घाम पुढे अनुभव म्हणून कोणी मोजणार नाही. सरावाच्या वेळी एक शिक्षिका मैदानावर असावी, प्रथमोपचाराची पेटी असावी, आणि मुलींसाठी वापरण्याजोगे स्वच्छतागृह त्या वेळेत उघडे असावे, या तीन गोष्टींवर मात्र तडजोड करू नका.

याच संदर्भात थोडे सविस्तर लिहितो, कारण खेळाच्या सल्ल्यात हा भाग बहुधा राहून जातो. तुम्ही ज्या मुलींना शिकवणार आहात त्यांच्यातल्या अनेकींच्या अंगात रक्त कमी असते, काहीजणी सकाळी चहावर शाळेत आलेल्या असतात, आणि पाळी आली म्हणून सरावाला न येणारी मुलगी कारण सांगत नाही, फक्त दिसेनाशी होते. पुरुष प्रशिक्षकाला जे विचारता येत नाही ते तुम्हाला विचारता येईल. पळताना धाप लवकर लागते म्हणून एखादीला आळशी म्हणण्याआधी तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासायला पाठवा. उडी मारून उतरताना गुडघे आत येतात का ते पाहा. वळण्या-उडण्याच्या खेळांत गुडघ्याच्या अस्थिबंधाची दुखापत मुलींना मुलांपेक्षा अधिक होते, आणि नीट उतरण्याचा सराव लहानपणापासून करून घेतला तर हा धोका कमी करता येतो. स्वतःच्या गुडघ्यांनाही हाच नियम लावा. महाविद्यालयीन स्पर्धांत दोन्ही खेळांचे हंगाम एकमेकांवर येतात, तेव्हा सकाळी एका संघाबरोबर आणि संध्याकाळी दुसऱ्या संघाबरोबर सराव न करता आठवड्यातला एक दिवस पूर्ण विश्रांतीचा ठेवा. दोन्ही खेळांच्या सरांना एकत्र बसवून हे ठरवून घेण्याचा तुम्हाला अधिकार आहे. आणखी एक. मैदानावरील मुली अठरा वर्षांखालील असणार, त्यामुळे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा तुम्हाला ठाऊक असलाच पाहिजे. एखाद्या मुलीवर अत्याचार झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे समजले, तर ते पोलिसांना कळवणे या कायद्याने बंधनकारक आहे. शाळेची बदनामी होईल, घरात मिटवू, असे कोणीही म्हटले तरी.

वडिलांच्या म्हणण्याकडे पाहण्याची तुमची पत्रातली पद्धत मला थोडी बदलावीशी वाटते. ते तुमच्या खेळाच्या विरोधात आहेत असे मला दिसत नाही. त्यांना महिन्याच्या महिन्याला येणारा पगार हवा आहे, आणि ती काळजी रास्त आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. पोलीस भरतीच्या ५० गुणांच्या मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते. त्यांतल्या दोन धावण्याच्या चाचण्यांसाठी तुमची तयारी जवळजवळ झालेलीच आहे. पोलीस दलाचे स्वतःचे कबड्डी संघ असतात, आणि नोकरीत राहून खेळलेले आणि नंतर शिकवू लागलेले कितीतरी कबड्डीपटू आहेत. तेव्हा बी. पी. एड. करत असताना एखादी भरती जरूर द्या. निवड झाली तर प्रशिक्षक होण्याचा मार्ग लांबेल, बंद होणार नाही. पण सलग तीन-चार भरत्यांच्या मागे लागून शिक्षण अर्धवट ठेवण्याला माझा ठाम विरोध आहे, आणि वडिलांना तुम्ही हे वर्षांचे गणित कागदावर मांडून दाखवलेत तर तेही मानतील असे वाटते. त्यांना सारिका काळे यांच्याबद्दलही सांगा. खो-खोत भारताचे नेतृत्व केलेल्या या धाराशिव जिल्ह्यातील खेळाडूला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा त्या तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून शासकीय सेवेत होत्या. खेळ आणि स्थिर नोकरी यांत एकाचीच निवड करावी लागते असे नाही, हे त्यांना या उदाहरणावरून पटू शकेल.

सुरुवात कुठून करायची, हा तुमचा शेवटचा प्रश्न. आजवरची सगळी मूळ प्रमाणपत्रे एका ठिकाणी काढा आणि प्रत्येकावर नाव, जन्मतारीख, स्पर्धेचे पूर्ण नाव, तारीख आणि सही-शिक्का बरोबर आहे का ते पाहा. चूक असेल तर ती दुरुस्त करून घेण्यासाठी विद्यापीठाच्या क्रीडा विभागात याच सत्रात जा, कारण पदवी हातात आल्यावर तिथले काम लांबते. आरक्षणासाठी प्रमाणपत्रांची पडताळणी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांच्या कार्यालयातून होते, आणि कोणती स्पर्धा कोणत्या गटाच्या पदाला चालते हे शासन निर्णयाने ठरलेले आहे. तुमच्या तिन्ही आंतरविद्यापीठ स्पर्धा त्यात कुठे बसतात ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्या. वडिलांना सोबत न्या. मुख्याध्यापकांना भेटायला जाण्यापूर्वी हे काम झालेले असावे.